एडीएचडीचे रक्तातील जैवनिर्देशक

अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकाराचे, म्हणजेच एडीएचडीचे, निदान करण्यासाठी किंवा त्यावरील उपचाराचा परिणाम मोजण्यासाठी रक्तात जे पदार्थ वा बदल शोधले जातात, त्यांना एडीएचडीचे रक्तातील जैवनिर्देशक असे म्हणतात. शरीरातील लोहाचा साठा दर्शवणारे फेरिटिन, जस्त, मेदाम्ले, चेतासंदेशवाहक द्रव्ये व त्यांच्या विघटनातून उरणारे पदार्थ, जनुकांवरील रासायनिक खुणा आणि औषधाची रक्तातील पातळी यांचा त्यांत समावेश होतो. गेल्या अर्धशतकात या विषयावर विपुल संशोधन झाले आहे. तथापि एखाद्या मुलाला एडीएचडी आहे किंवा नाही, हे सांगू शकेल अशी एकही रक्तचाचणी अद्याप वैद्यकीय व्यवहारात मान्य झालेली नाही. सध्या या मुलांची रक्ततपासणी केली जाते ती प्रामुख्याने सारखी लक्षणे निर्माण करणारे अन्य आजार वगळण्यासाठी आणि सोबत असलेली एखादी कमतरता ओळखण्यासाठी.

पार्श्वभूमी

एडीएचडी हा बालपणी सुरू होणारा, मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार आहे. जगभरातील पाहण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार शालेय वयातील सुमारे ५ टक्के मुलांत तो आढळतो. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धीने सर्वसाधारण असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले होते. १९३७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध काही मुलांना दिले, तेव्हा त्यांचे अभ्यासातील लक्ष वाढले व वागण्यातील अस्वस्थता कमी झाली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, ही त्या काळी कोड्यात टाकणारी गोष्ट होती. अशी औषधे मेंदूतील डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन या चेतासंदेशवाहकांचे कार्य वाढवतात, हे पुढे कळले आणि या द्रव्यांचा माग रक्तातून काढता येईल का, असा प्रश्न संशोधकांपुढे उभा राहिला.

एडीएचडीचे निदान आजही निरीक्षणावर आधारलेले आहे. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार अवधानाच्या अभावाची किंवा अतिचंचलता व आवेगशीलता यांची किमान सहा लक्षणे मुलामध्ये निदान सहा महिने दिसावी लागतात. त्यांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली असावीत, घर व शाळा यांसारख्या दोन किंवा अधिक ठिकाणी ती आढळावीत आणि त्यामुळे मुलाच्या अभ्यासात वा सामाजिक व्यवहारात अडथळा येत असावा, अशा अटी आहेत.

या पद्धतीत पालक व शिक्षक यांची मतेच मोजमापाचे साधन ठरतात आणि तिची मर्यादाही तीच आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात खिडकीबाहेर पाहत शांत बसलेली मुलगी शिक्षकाच्या नजरेतून सहज निसटते, तर बाकावरून सारखा उठणारा मुलगा पहिल्याच आठवड्यात ध्यानात येतो. एकाच वर्गातील वयाने सर्वांत लहान मुलांना हे निदान अधिक प्रमाणात दिले जाते, असे अनेक देशांच्या नोंदींतून दिसून आले आहे. म्हणजे काही वेळा केवळ वयानुरूप असलेला पोरकटपणाही विकार म्हणून नोंदला जात असावा. एकीकडे चुकीचे निदान व अनावश्यक औषध, तर दुसरीकडे वर्षानुवर्षे ‘आळशी’ वा ‘वांड’ म्हणून बोलणी खाणारे मूल, अशा दोन्ही बाजूंच्या नुकसानीमुळे वस्तुनिष्ठ चाचणीची मागणी सतत होत राहिली आहे.

निर्देशकाच्या कसोट्या

जीवमानसोपचाराच्या जागतिक महासंघाचे कृतिदल व एडीएचडीचा जागतिक महासंघ यांनी २०१२ साली एकमताने तयार केलेला अहवाल या विषयात महत्त्वाचा मानला जातो. उपयुक्त जैवनिर्देशकाची संवेदनशीलता व विशिष्टता प्रत्येकी ८० टक्क्यांहून अधिक असावी, तो विश्वसनीय, स्वस्त, वापरण्यास सोपा व शक्यतो शरीराला इजा न करणारा असावा आणि किमान दोन स्वतंत्र अभ्यासांनी त्याची पुष्टी केलेली असावी, अशा कसोट्या त्यात दिल्या आहेत. संवेदनशीलता म्हणजे विकार असलेल्या शंभर मुलांपैकी किती मुले चाचणीत ओळखली जातात ते प्रमाण. विशिष्टता म्हणजे विकार नसलेल्या शंभरांपैकी किती मुलांना चाचणी बरोबर वगळते ते प्रमाण. या कसोट्यांना उतरणारा एकही निर्देशक उपलब्ध नाही, असा निष्कर्ष अहवालाने काढला.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. एडीएचडी असलेल्या मुलांच्या गटात एखाद्या द्रव्याची सरासरी पातळी इतरांपेक्षा कमी आढळणे ही एक गोष्ट आणि त्या पातळीवरून एका विशिष्ट मुलाचे निदान करता येणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट होय. मुलांची सरासरी उंची मुलींपेक्षा अधिक असली, तरी केवळ उंची सांगितल्याने समोरची व्यक्ती मुलगा की मुलगी हे ठरत नाही. वृत्तपत्रांतील ‘एडीएचडीची रक्तचाचणी सापडली’ अशा स्वरूपाच्या बातम्यांत हा भेद बहुधा पुसला जातो.

चेतासंदेशवाहक द्रव्ये

या क्षेत्रातील प्रारंभीच्या अभ्यासांपैकी एक मेरी कोलमन यांचा होय. अतिचंचल मुलांच्या रक्तातील सेरोटोनिनची पातळी कमी असल्याचे त्यांनी १९७१ मध्ये नोंदवले. पुढील दोन दशकांत रक्तद्रव व मूत्र यांतील नॉरएपिनेफ्रिन, त्याच्या विघटनातून उरणारे पदार्थ आणि रक्तातील बिंबाणूंमधील मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एंझाइम यांची मोजमापे अनेक प्रयोगशाळांत झाली. काही ठिकाणी पातळी कमी आढळली, काही ठिकाणी फरक आढळला नाही.

या विसंगतीचे एक कारण शरीररचनेतच आहे. रक्त व मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो. तो ओलांडून ही द्रव्ये मुक्तपणे ये-जा करू शकत नाहीत. शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यात तयार होते व बिंबाणूंमध्ये साठवले जाते. रक्तातील नॉरएपिनेफ्रिन मुख्यतः शरीरभर पसरलेल्या अनुकंपी चेतातंतूंमधून येते आणि सुई टोचण्याच्या भीतीनेदेखील ते वाढते. त्यामुळे दंडातून घेतलेल्या रक्तावरून मेंदूच्या पुढील भागात काय घडत आहे हे ताडणे कठीण ठरते.

फेरिटिन व लोह

रक्तातील निर्देशकांमध्ये सर्वाधिक चर्चा फेरिटिनची झाली आहे. फेरिटिन हे लोह साठवून ठेवणारे प्रथिन असून रक्तरसातील त्याच्या पातळीवरून शरीरातील लोहसाठ्याचा अंदाज येतो. हिमोग्लोबिन कमी होण्याच्या कितीतरी आधी फेरिटिन घटते. म्हणजे रक्तक्षय नसलेल्या मुलातही लोहाची कमतरता असू शकते. डोपामिनच्या निर्मितीतील पहिली पायरी घडवून आणणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या एंझाइमला लोहाची गरज असते. त्यामुळे लोह व एडीएचडी यांच्या संबंधाची कल्पना जीवरसायनशास्त्राच्या दृष्टीने सुसंगत आहे.

पॅरिसमधील एरिक कोनोफाल व सहकाऱ्यांनी २००४ साली एडीएचडी असलेली ५३ मुले व नसलेली २७ मुले यांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या गटात फेरिटिनची सरासरी पातळी दर मिलीलिटरमागे २३ नॅनोग्रॅम, तर दुसऱ्या गटात ४४ नॅनोग्रॅम होती. ३० नॅनोग्रॅमहून कमी पातळी पहिल्या गटातील ८४ टक्के व दुसऱ्या गटातील १८ टक्के मुलांत आढळली. हे आकडे लक्षवेधी होते. ८४ टक्के संवेदनशीलता व ८२ टक्के विशिष्टता, अशा भाषेत मांडल्यास ते वर दिलेल्या ८० टक्क्यांच्या कसोटीला उतरतात.

परंतु हेच आकडे शाळेतील सर्वसाधारण मुलांना लावून पाहिले असता चित्र बदलते. १,००० मुलांच्या शाळेत ५ टक्के प्रमाणाने ५० मुलांना एडीएचडी असेल. त्यांपैकी ४२ मुलांचे फेरिटिन कमी आढळेल. उरलेल्या ९५० मुलांपैकी १८ टक्के, म्हणजे १७१ मुलांचे फेरिटिनही कमीच असेल. अशा रीतीने चाचणीने वेगळ्या काढलेल्या २१३ मुलांपैकी केवळ ४२ मुलांना, म्हणजे पाचांतील एकाला, प्रत्यक्षात विकार असेल. बाकीच्या चौघांवर तो शिक्का विनाकारण बसेल. विकार विरळ असला की बऱ्यापैकी चांगली चाचणीसुद्धा अशी फसते. तज्ज्ञाकडे पाठवलेल्या, आधीच संशयित असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण सुधारते. मात्र तेथे येणाऱ्या इतर मुलांमध्येही, उदाहरणार्थ अस्वस्थ पायांचा विकार असलेल्यांमध्ये, फेरिटिन कमी असू शकते.

शिवाय पॅरिसचे निष्कर्ष सर्वत्र जसेच्या तसे आढळले नाहीत. शिकागो येथे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ६८ मुलांच्या अभ्यासात फेरिटिनच्या पातळीत लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा एडीएचडीमध्ये फेरिटिन सरासरीने कमी असते, पण रक्तरसातील लोहाच्या पातळीत तसा फरक नसतो, असे दिसून आले. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना येथे २०१४ साली एमआरआय तंत्राने मेंदूतील लोहाचे मापन करण्यात आले. कधीही औषध न घेतलेल्या एडीएचडीच्या मुलांत ते कमी होते, तर औषध घेतलेल्यांत ते इतर मुलांइतकेच होते. रक्तातील लोहाच्या मोजमापांत मात्र या गटांमध्ये फरक आढळला नाही. मेंदूतील लोहाची उणीव रक्तात उमटतेच असे नाही, हा या अभ्यासाचा अर्थ, सहभागी मुलांची संख्या लहान असली तरी, महत्त्वाचा आहे.

लोह दिल्याने लक्षणे कमी होतात का, हे तपासणारा एक लहान प्रयोग कोनोफाल यांच्याच गटाने २००८ साली प्रसिद्ध केला. रक्तक्षय नसलेल्या पण फेरिटिन ३० नॅनोग्रॅमहून कमी असलेल्या २३ मुलांपैकी १८ जणांना रोज ८० मिलिग्रॅम फेरस सल्फेट व ५ जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, बारा आठवडे देण्यात आली. लोह घेतलेल्या मुलांमध्ये एका मापनश्रेणीवर लक्षणीय सुधारणा झाली. पालक व शिक्षक यांनी भरलेल्या दुसऱ्या श्रेणींवर ती संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध झाली नाही. इतक्या थोड्या मुलांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. एवढे मात्र खरे की, लोहाची कमतरता आढळल्यास ती भरून काढणे मुलाच्या आरोग्यासाठी एरवीही आवश्यकच असते. गरज नसताना लोहाच्या गोळ्या देणे मात्र अपायकारक ठरू शकते.

फेरिटिनच्या अर्थनिर्णयात आणखी एक अडचण आहे. ताप, जंतुसंसर्ग वा दाह असताना त्याची पातळी वाढते, त्यामुळे लोहाची कमतरता झाकली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांवरील निरोगी व्यक्तींसाठी दर लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम ही सीमा ठरवली आहे. संसर्ग वा दाह असल्यास हीच सीमा ७० पर्यंत वर जाते. पॅरिसच्या अभ्यासातील ३० ही सीमा यांपैकी कोणतीच नव्हे, हेही तुलना करताना लक्षात ठेवावे लागते.

जस्त व मेदाम्ले

जस्ताबाबतचा इतिहास प्रदेशानुसार बदलतो. तुर्कस्तानात २००४ साली ४०० मुलांवर झालेल्या चाचणीत झिंक सल्फेटमुळे अतिचंचलता व आवेगशीलता कमी झाली, पण अवधान सुधारले नाही. अमेरिकेत ५२ मुलांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जस्त एकटे प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. ज्या भागात आहारातच जस्त कमी पडते तेथे ते पुरवल्याने लाभ दिसावा आणि अन्यत्र दिसू नये, हे स्पष्टीकरण संभाव्य मानले जाते.

ओमेगा-३ मेदाम्लांची रक्तातील पातळी एडीएचडीच्या मुलांत सरासरीने कमी आढळते. तैवान व लंडन येथील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या, ९२ मुलांवरील अभ्यासात त्यांपैकी ईपीए हे मेदाम्ल बारा आठवडे देण्यात आले. ज्यांच्या रक्तात ते मुळात कमी होते त्यांचे अवधान सुधारले. ज्यांच्या रक्तात ते आधीच भरपूर होते त्यांच्यात आवेगशीलतेच्या बाबतीत उलट परिणाम दिसला. निदानासाठी निरुपयोगी असलेला निर्देशक ‘हा उपचार कोणाला लागू पडेल’ हे ठरवण्यास कदाचित उपयोगी पडेल, अशी शक्यता यातून सूचित होते. या विषयातील सर्वांत आशादायक दिशा बहुधा हीच आहे.

शिसे व अवटू ग्रंथी

शिशाची बाधा झालेल्या मुलांमध्ये चंचलता व अवधानाचा अभाव दिसतो, हे दीर्घकाळ ज्ञात आहे. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ साली बोस्टनजवळच्या शाळांतील मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले. ते जितके अधिक, तितक्या शिक्षकांनी नोंदवलेल्या विचलितपणाच्या तक्रारी अधिक, असे आढळले. रक्ताऐवजी दात निवडण्यामागे कारण होते. रक्तातील शिसे अलीकडच्या संपर्काचे प्रमाण दाखवते, तर दातांत ते वर्षानुवर्षे साठते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी दर डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम हे संदर्भमूल्य ठरवले आहे. जुने रंग, बॅटऱ्यांची मोडतोड करणाऱ्या कार्यशाळा किंवा भेसळयुक्त हळद यांच्याशी मुलाचा संपर्क असल्याची शंका असेल, तर ही तपासणी सुचवली जाते.

अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाला शरीर प्रतिसाद देत नाही अशा एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा विकार असलेल्या २७ मुलांपैकी १९ मुलांना एडीएचडीही असल्याचे दिसले. तथापि एडीएचडीच्या बहुसंख्य मुलांत अवटू ग्रंथीचे कार्य प्राकृत असते. त्यामुळे वाढ खुंटणे, गलगंड किंवा कुटुंबात तसा इतिहास असणे अशी अन्य चिन्हे असतानाच ही तपासणी केली जाते.

आनुवंशिक निर्देशक

जुळ्या भावंडांवरील अभ्यासांनुसार एडीएचडीची आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के आहे. एवढे प्रमाण असताना रक्तातील डीएनए तपासून निदान का होत नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे की, या विकारामागे एक-दोन नव्हे, तर हजारो जनुकीय भेद असून प्रत्येकाचा वाटा अतिशय अल्प असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ३८,००० हून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या विश्लेषणात जनुकसंचातील अशी २७ स्थाने निश्चित झाली. त्या सर्वांची बेरीज करूनही एका मुलाविषयी भाकीत करता येत नाही.

डीएनएवरील मिथिल गटांच्या रासायनिक खुणांचाही अभ्यास झाला आहे. अनेक देशांतील मुलांच्या एकत्रित माहितीवरून २०२० साली असे दिसले की, जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातील नऊ ठिकाणच्या खुणांचा पुढे शालेय वयातील लक्षणांशी संबंध असतो. शालेय वयात घेतलेल्या रक्तात मात्र असा संबंध आढळला नाही.

औषधोपचारावरील देखरेख

एडीएचडीवर सर्वाधिक वापरले जाणारे औषध मिथिलफेनिडेट हे आहे. १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा या कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी ते तयार केले. त्याची रक्तातील पातळी मोजता येते, पण तिच्यावरून मात्रा ठरवली जात नाही. सारख्याच मात्रेने निरनिराळ्या मुलांत पातळी वेगवेगळी होते आणि सारख्याच पातळीचा परिणामही वेगवेगळा दिसतो. एवढेच नव्हे, तर एकाच मुलात दिवसभर पातळी स्थिर ठेवली तरी दुपारनंतर परिणाम ओसरतो, असे जेम्स स्वॉन्सन व सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले. दिवसभरात पातळी हळूहळू वाढवत नेणारी कॉन्सर्टा ही गोळी याच तत्त्वावर तयार झाली व २००० साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्रा योग्य आहे की नाही याचा निर्णय पालक व शिक्षक यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवरून होतो. त्याच वर्षी, १९९९ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांवरील अमेरिकेतील बहुकेंद्री चाचणीतही मात्रा अशाच रोजच्या नोंदींवरून ठरवण्यात आली होती.

अटोमोक्सेटिन या औषधाची गोष्ट थोडी वेगळी आहे. यकृतातील सीवायपी२डी६ हे एंझाइम त्याचे विघटन करते. बहुसंख्यांमध्ये रक्तातील निम्मे औषध सुमारे ५ तासांत नाहीसे होते. ज्यांच्यात हे एंझाइम जन्मतःच निष्क्रिय असते त्यांच्यात त्याला २० तासांहून अधिक वेळ लागतो. अशा मुलांत नेहमीच्या मात्रेनेही दुष्परिणाम वाढू शकतात. हा भेद रक्तातील डीएनएवरून ओळखता येतो, मात्र बहुतेक ठिकाणी कमी मात्रेने सुरुवात करून ती सावकाश वाढवण्याचाच मार्ग अवलंबला जातो. या औषधाने क्वचित यकृताला इजा होते. कावीळ, गडद लघवी अशी लक्षणे दिसल्यास यकृताच्या तपासण्या तातडीने कराव्या लागतात.

रक्ताच्या तपासणीतून निर्माण झालेली भीतीही येथे नोंदवण्याजोगी आहे. टेक्सासमधील संशोधकांनी २००५ साली मिथिलफेनिडेट तीन महिने घेतलेल्या १२ मुलांच्या रक्तातील लसीका कोशिकांमध्ये गुणसूत्रांच्या विकृती सुमारे तिपटीने वाढल्याचे प्रसिद्ध केले. गुणसूत्रांतील अशा विकृतींचा संबंध कर्करोगाशी जोडला जात असल्याने अनेक देशांतील पालकांमध्ये घबराट पसरली. त्यानंतर जर्मनी व अमेरिकेत अधिक काटेकोरपणे केलेल्या अभ्यासांत तशी वाढ आढळली नाही.

ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, विशिष्ट कारण नसल्यास एडीएचडीची औषधे घेणाऱ्यांची नेमाने रक्ततपासणी करू नये. उंची, वजन, नाडी, रक्तदाब, भूक व झोप यांची नोंद मात्र ठरावीक काळाने घ्यावी लागते.

भारतातील स्थिती

केंद्र शासनाच्या २०१६–१८ या काळातील सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षे वयाच्या १७ टक्के व १० ते १९ वर्षे वयाच्या २२ टक्के मुलांमध्ये लोहाची कमतरता आढळली. म्हणजे भारतातील कोणत्याही वर्गात फेरिटिन कमी असलेली मुले एडीएचडी असलेल्या मुलांपेक्षा संख्येने कितीतरी अधिक असणार. त्यामुळे कमी फेरिटिनवरून एडीएचडीची शंका घेण्यास येथे पॅरिसपेक्षाही कमी आधार आहे. याउलट, अभ्यासात मागे पडणारे, थकलेले, लक्ष नसलेले मूल दिसल्यावर लोहाची कमतरता तपासण्यास येथे अधिक कारण आहे. फेरिटिनची चाचणी महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या व अनेक तालुक्यांच्या ठिकाणी खासगी प्रयोगशाळांत होते. हिमोग्लोबिनपेक्षा ती महाग असल्याने ती सरसकट न करता निवडक मुलांत केली जाते.

शिसेयुक्त पेट्रोलची विक्री भारतात २००० साली बंद झाली. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरवणारे नियम २०१६ साली करण्यात आले व पुढील वर्षी ते लागू झाले.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. दोन्ही अवस्था अनेकदा एकाच मुलात आढळत असल्याने त्यांची तपासणी सोबत केली जाते. भारतीय मुलांसाठी इन्क्लेन या संस्थेने ६ ते ९ वर्षे वयोगटाकरिता एडीएचडीचे निदानसाधन विकसित केले आहे. ते प्रशिक्षित व्यक्तीने पालकांना विचारावयाच्या प्रश्नांवर व मुलाच्या निरीक्षणावर आधारलेले असून त्यात रक्ततपासणीचा अंतर्भाव नाही.